मामाचा आजार भाच्याला येतो, काकाचा का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडच्या एका ताईंनी विचारलाय, वय २६. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, निघाला. रांगायला लागल्यापासून अंगावर काळेनिळे डाग पडायचे, दीड वर्षाचा झाल्यावर एक गुडघा टम्म सुजला, तेव्हा तपासणी झाली. ताईंचा मामा नवव्या वर्षी दाढ काढल्यावर रक्त न थांबून गेला होता. त्या वेळी आजाराला नाव कुणी दिलं नव्हतं. आता ताईंचं लग्न ठरतंय आणि मुलाकडचे म्हणतायत, ‘घराण्यात दोष आहे.’ वडिलांनी कुलवृत्तांत काढून दाखवला, त्यात असं कुणीच नाही. रवळनाथाला कौल लावून झाला. त्यात भर म्हणून मुलामुलीचा रक्तगट एकच, बी पॉझिटिव्ह, यावरूनही कुणीतरी शंका काढली. ताईंना चार गोष्टी हव्या आहेत: हे माझ्यात आहे का, माझ्या मुलांना होईल का, रक्तगटाचं काय, आणि मुलाकडच्यांना काय सांगायचं.

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. सिंधुदुर्गात दवाखाना चालवतोय त्याला सव्वीस वर्षं झाली, म्हणजे तुमच्या वयाइतकीच. कुलवृत्तांत घेऊन आलेले वडील मी बरेच पाहिलेत. लाल कापडी बांधणीचं पुस्तक, मध्ये घडीचा वंशवृक्ष. तुमचे वडील खोटं बोलत नाहीत, त्यांच्या पुस्तकात हा आजार खरंच नाही. पण तो तिथे असणारच नव्हता. एक तर पुस्तक वडिलांच्या घराण्याचं, आणि आजार आलाय आईच्या बाजूनं. दुसरं म्हणजे आईच्या माहेरचं पुस्तक मिळालं तरी फारसा उपयोग नाही, कारण त्यात मुलगी ‘अमुक गावच्या अमक्यांस दिली’ एवढ्यावर संपते. तिच्या पोटी काय झालं ते पुस्तकाला ठाऊक नसतं. हिमोफिलिया नेमका त्याच वाटेनं पुढे जातो. ‘आमच्या घराण्यात असा कोणाकच नाय होता,’ असं एखादी आजी छातीठोकपणे सांगते तेव्हा ती सासरच्या घराण्याबद्दल बोलत असते. मी विचारतो, ‘आजी, तुझे भाऊ किती?’ मग बराच वेळ शांतता.

आता मूळ गोष्ट. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईचं आणि एक बापाचं. बावीस जोड्या बाई-पुरुषांत सारख्याच. तेविसावी वेगळी: बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. रक्त गोठायला लागणाऱ्या ‘फॅक्टर आठ’ची कृती एक्सवर लिहिलेली आहे. बाईच्या एका एक्सवर ती बिघडलेली असली तर दुसऱ्यावरची चालते आणि तिचं बहुधा निभावून जातं. अशा बाईला आम्ही वाहक म्हणतो. मुलाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यावरच बिघाड असला तर पर्यायी प्रत नाही. बाप मुलाला वाय देतो, एक्स देतच नाही. म्हणून हिमोफिलिया झालेल्या बापाचे सगळे मुलगे धडधाकट निघतात, आणि सगळ्या मुली वाहक. तुमचा मामा जगला असता आणि त्याला चार मुलगे झाले असते तर लोकांनी ‘आजार संपला’ म्हणून नारळ फोडला असता. पुढे मुलीच्या मुलात तो पुन्हा दिसला असता.

इथे आपली भाषा डॉक्टरी इंग्रजीपेक्षा शहाणी आहे. आपल्याकडे मामा वेगळा आणि काका वेगळा, मावशी वेगळी आणि आत्या वेगळी. एक्सवरचा आजार मामा, मावसभाऊ, भाचा, आईचे मामा या नात्यांतून दिसतो. काका, चुलतभाऊ, पुतण्या यांत तो तसा साखळीनं दिसत नाही. मुंबईत निवासी डॉक्टर असताना मी स्वतः एका मुलाच्या केसपेपरवर ‘अंकलला असाच त्रास’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. पुढच्या डॉक्टरांनी ‘अंकल’ म्हणजे काका धरला आणि एक्सचा विचार बाजूला ठेवून भलत्या तपासण्या लावल्या. त्या पोराचे दोन महिने माझ्या एका शब्दापायी गेले. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नाती मराठीतच असतात, मग वाचणारा कुणीही असो.

तुमचा हिशोब मांडू. मामाला आजार होता आणि बहिणीच्या मुलालाही आहे, या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे तुमची आई. हिमोफिलियात साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड नव्यानं झालेला असतो, आधी घरात कुणाला नसतो. पण तुमच्याकडे दोन पिढ्यांत दोन मुलगे, त्यामुळे तो प्रश्न राहत नाही. आई वाहक आहे, हे तपासणी न करताही सांगता येतं. बहीणही वाहक. आईच्या दोन एक्सपैकी एक तुमच्याकडे आला. बिघडलेला आला की चांगला, ते तुमच्याकडे पाहून कळत नाही. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. वाहक असाल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची निम्मी. तपासणी न करता आजच्या घडीला सांगायचं तर तुमच्या होणाऱ्या कुठल्याही बाळाला हा आजार असण्याची शक्यता आठात एक. तुमचा सख्खा भाऊ धडधाकट असेल तर त्याचा विषय तिथेच संपला. त्याच्यात हे नाही, आणि त्याच्याकडून त्याच्या मुलांत जाणारही नाही. मावश्यांचा मात्र संपलेला नाही. प्रत्येक मावशीची शक्यता तुमच्यासारखीच निम्मी. एखाद्या मावशीला दोन धडधाकट मुलगे असतील तर तीच शक्यता पाचात एकवर येते, कारण वाहक असती तर दोन्ही मुलगे सुटणं जरा कठीणच. अशी गणितं मी केसपेपरच्या मागच्या बाजूला करतो, आणि नातेवाइकांना ती पत्रिकेइतकीच गूढ वाटतात.

निम्मी शक्यता घेऊन लग्नाला उभं राहायची गरज नाही, तिची हो किंवा नाही करता येते. पण क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण धावत जाऊन स्वतःचं रक्त तपासून येतात. आधी तपासायचं ते भाच्याचं. त्याचा हिमोफिलिया ए प्रकारचा (फॅक्टर आठचा) की बी (फॅक्टर नऊचा), आणि जनुकात नेमका बदल कुठे, हे आधी सापडायला हवं. ए प्रकार तीव्र स्वरूपाचा असेल तर साधारण ४० ते ४५ टक्के घरांत एकच ठरावीक बिघाड असतो: जनुकाचा मोठा तुकडा उलटा बसलेला. म्हणून प्रयोगशाळा आधी तोच शोधते. भाच्याचा बदल सापडला की तुमच्यात तेवढाच पाहायचा, उत्तर स्वच्छ येतं. नुसती फॅक्टर आठची पातळी पाहून तुम्हाला ‘नॉर्मल’ म्हणून कुणी घरी पाठवलं तर ते धरू नका, पुष्कळ वाहकांची पातळी नॉर्मलच असते. तरीही ती एकदा मोजून ठेवा, कारण वेगळं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, हे १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मांडलं. कुठला झोपेल याला नियम नाही. एखाद्या वाहकाचा चांगला एक्सच जास्त पेशींत झोपला तर तिची स्वतःची पातळी खाली असते. पाळीत अंगावरून फार जातं, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, आणि सगळे म्हणतात ‘हिचं पहिल्यापासून असंच.’ गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो, त्यामुळे पातळी त्याआधीच मोजायची.

वाहक निघालात तरी लग्न मोडायचं कारण मला दिसत नाही. गर्भ अकरा ते तेरा आठवड्यांचा असताना वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाचं जनुक तपासता येतं. इथे लोक घाबरतात की हे कायद्यात बसत नाही. १९९४ च्या कायद्यानं बंदी घातली ती मुलगा-मुलगी शोधून सांगण्यावर. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी, नोंदणी झालेल्या केंद्रात, कागदपत्रं पूर्ण करून गर्भाची तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो. पण तिचा निकाल आल्यावर काय करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, डॉक्टरांनी नाही आणि सासूनंही नाही. काही जोडपी तपासणी करतच नाहीत. ती म्हणतात, मुलगा झाला आणि आजार असला तर आम्ही सांभाळू. आज ते म्हणणं वेडेपणाचं राहिलेलं नाही. तुमच्या मामाच्या वेळी रक्त आणि बर्फ याशिवाय हाती काही नव्हतं. आता फॅक्टर मिळतो, रक्तस्राव होण्याआधीच ठरावीक दिवसांनी देता येतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. भाच्यासाठी दोनच सूचना: ताप-दुखण्याला ॲस्पिरिनच्या जातीची गोळी नाही, आणि दंडावर-मांडीवर स्नायूत इंजेक्शन नाही. लसीसुद्धा तज्ज्ञाला विचारून.

एक्सवरचाच आणखी एक प्रकार कोकणात सांगायला हवा, कारण तो पावसाळ्यात दवाखान्यात चालत येतो. हिवताप झालेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. चौदा दिवसांची प्रायमाक्वीनची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी आई बाटलीत लघवी घेऊन आली आणि म्हणाली, ‘डॉक्टरांनू, हा बघा, आगळासारख्या.’ खरोखरच कोकमाच्या आगळाचा रंग. डोळे पिवळे, पोरगा पांढराफटक. जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर त्याच्यात कमी होतं, त्यामुळे काही औषधांनी तांबड्या पेशी फुटतात. गोळी बंद केली, रक्त चढवलं, बरा झाला. त्याचा मामा लहानपणी ‘कावीळ होऊन’ मरता मरता वाचला होता. कशानं झाली होती कावीळ, तर हिवतापाच्या औषधानंतर. अशा घरात तान्ह्या बाळाला डांबराच्या गोळ्या टाकलेल्या ट्रंकेतल्या दुपट्यात गुंडाळू नका, त्या वासानंही पेशी फुटू शकतात. आणि संकटाच्या ऐन दिवसात केलेली जी-सिक्स-पीडीची तपासणी नॉर्मल येऊ शकते. कमकुवत जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, राहतात त्या कोवळ्या, आणि त्यांत विकर बऱ्यापैकी असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हे लक्षात न घेतल्यानं चुकलेली निदानं मी पाहिलीत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाकडचे ज्याला ‘घराण्याचा दोष’ म्हणतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रकाराचं असतं, म्हणून तोही सांगतो. काही आजारांत दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो, एक बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तांबड्या पेशींचे आजार, जन्मजात बहिरेपणाचे बरेच प्रकार, हे सगळे त्यातले. यात मामा-काका भेद नाही. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हा ‘चारात एक’ सगळ्यांच्या डोक्यात चुकीचा बसतो. एका जोडप्याचं पहिलं मूल थॅलेसेमियाचं, दर तीन आठवड्यांनी रक्त. नवरा मला म्हणाला, ‘चारातला एक होऊन गेला, आता तीन सुटले ना?’

त्यावर मी बोललो नाही. टेबलाच्या खणात माझ्याकडे फोडलेले चिंचोके असतात, लहानपणी सारीपाटावर टाकायचे तसले. एक बाजू काळी, एक पांढरी. एक चिंचोका त्याच्या हातात दिला, एक बायकोच्या. म्हटलं, काळं पडलं तर बिघडलेली प्रत दिली. दोघांनी टाका, दोन्ही काळे पडले तर बाळ आजारी. पहिल्याच डावाला दोन्ही काळे. म्हटलं, पुन्हा टाका. चौथ्या डावाला परत दोन्ही काळे. मग सहा डाव काहीच नाही. बायकोला आधी समजलं. ती म्हणाली, ‘चिंचोक्याक काय ठावक, मागे काय पडला होता.’ इतक्या वर्षांत याहून चांगलं मी कुणाला समजावू शकलेलो नाही. (फोडलेला चिंचोका अगदी निम्मे-निम्मे पडत नाही, पोट जरा जड असतं. पण शिकवायला चालतो.)

भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक साधारण ३ ते ४ टक्के, काही समाजांत बरेच जास्त. यांना आजार काहीच नसतो, फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी आणि पेशी आकारानं बारीक. कोकणात याचं काय होतं तर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून बाटली बदलतात. तांबड्या पेशी संख्येनं भरपूर पण बारीक, असा रिपोर्ट दिसला की एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी, तपासणी करायची. त्यात ए-टू हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर वाहक. ही एक तपासणी पत्रिका जुळवण्याआधी झाली तर माझे पावसाळ्यातले बरेच रडके दिवस वाचतील.

याच प्रकारात नात्यातलं लग्न महाग पडतं. सगोत्र लग्न नको, हा आपला नियम सगळे पाळतात. गोत्र बापाकडून मुलाकडे जातं, मुलगी लग्न झालं की बदलते, म्हणजे गोत्र चालतं ते वाय गुणसूत्रासारखं. बाकी बावीस जोड्यांना गोत्राचं काही सोयरसुतक नाही. म्हणून मामाची मुलगी गोत्राच्या नियमात चालते. तिचा आणि आतेभावाचा मात्र सरासरी आठवा हिस्सा जनुकांचा साठा एकच असतो, चुलत भावंडांत असतो तेवढाच. एखादी बिघडलेली प्रत आजोबांकडे असली तर ती दोन वाटांनी येऊन नातवंडांच्या लग्नात भेटते. अनोळखी दोघांत गंभीर जन्मजात दोषाची शक्यता २ ते ३ टक्के, सख्ख्या आते-मामे किंवा चुलत भावंडांत साधारण दुप्पट. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव मुलं तरीही चांगली. मी बंदी घालणारा कोण, पण आकडा माहीत असावा. आणि एक गोष्ट नात्याबाहेर लग्न करणाऱ्यांनाही सांगतो: खाडीच्या दोन्ही काठांवरच्या त्याच त्या वीस घराण्यांत दहा पिढ्या सोयरिकी झाल्या असतील तर गोत्रं वेगळी असूनही रक्त फार लांबचं उरत नाही.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात लवकर समजतो, कारण तो दिसतो. एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि प्रत्येक मुलाची शक्यता निम्मी, मुलगा-मुलगी सारखीच. एक ट्रॉलरवाले आले होते, चौतिसावं वर्ष, तक्रार टाचेची. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर दोन्ही पायांना सुपारीएवढ्या गाठी. चप्पल घासते म्हणून आले होते. मी विचारलं, वडील? बेचाळिसाव्या वर्षी होडीतच गेले. आत्या? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीत दुखून. या गाठी कोलेस्टेरॉलच्या. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तिनशेच्या पुढे. साधारण अडीचशे माणसांत एकाला ही जनुकी अवस्था असते, आणि वेळेत गोळी सुरू झाली तर आयुष्य बऱ्यापैकी सरळ होतं. त्यांच्या तिन्ही मुलांची तपासणी केली, दोघांत निघालं. इथे बापाकडून मुलाकडे सरळ जातं, तेव्हा काका-आत्याही विचारायचे. सहावं बोटही बऱ्याच घरांत असंच उतरतं, फक्त ते कधीकधी एक पिढी लपतं. आईच्या हातांना पाचच बोटं, आणि आजोबांच्या फोटोत नीट पाहिलं तर करंगळीपाशी वण. उलट, खुजेपणाच्या नेहमीच्या प्रकारात दहातल्या आठ मुलांचे आईबाप सरळ उंचीचे असतात, बदल त्या मुलातच नव्यानं झालेला. आधी कुणी नाही म्हणजे आनुवंशिक नाही, आणि आनुवंशिक म्हणजे आधी कुणीतरी असणारच, या दोन्ही समजुती इथे फसतात.

बाकी जे आपण रोज ‘वारसा’ म्हणतो, साखर, ब्लडप्रेशर, उंची, रंग, ते या तीन प्रकारांत बसत नाही. ते समजायला आपल्याकडे आंबा आहे. हापूसचा बाठा पुरून हापूस येत नाही, रायवळ येतो. कधी आजोबांसारखा, कधी कुणासारखाच नाही. म्हणून आपण कलम बांधतो. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल, जुळ्या भावांसारखी. माणसात जुळ्यांचा अपवाद सोडला तर कलम नाही, सगळी रायवळ. आईबापांचे पत्ते दर वेळी नव्यानं पिसले जातात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो लागवडीसाठी आला १९८१ मध्ये. एक रत्ना मिळायला किती रोपं लावून, वाढवून, चाखून टाकून द्यावी लागत असतील ते बागायतदाराला विचारा. साखरेच्या आजारात अशी शेकडो जनुकं थोडा थोडा हात लावतात, आणि वर भात, बसणं, वजन. तिथे ‘निम्मी’ किंवा ‘चारात एक’ असं सांगताच येत नाही. घारे डोळेही एका जनुकाचं काम नाही. दोघं घारे आणि मूल काळ्या डोळ्यांचं, असं क्वचित होतं. त्यावरून बायकोवर संशय घेऊन माझ्याकडे आलेला एक गृहस्थ अजून आठवतो, मी त्याला चहा न देता घालवला.

दोन गोष्टी भराभर सांगतो. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाचे भाग असतात, त्यांची स्वतःची ३७ जनुकं, आणि ती फक्त आईकडून येतात. त्यांचे आजार विरळ. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा उतरत नाही, बीज तयार होताना एकविसावं गुणसूत्र जादा राहतं, आणि आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते: पंचविशीत साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. थोड्या मुलांमध्ये ते आईबापांच्या गुणसूत्रांच्या जोडणीमुळे येतं, म्हणून मुलाचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) केल्याशिवाय ‘पुढच्या वेळी होणार नाही’ असं मी म्हणत नाही. आणि ग्रहणात विळीवर कापल्यानं ओठ फाटत नाही.

आता रक्तगट. दोघांचा बी पॉझिटिव्ह, अडचण शून्य. मुलं बी किंवा ओ गटाची होतील, बस. ‘एकच रक्तगट म्हणजे भाऊबहीण’ ही समजूत कुठून आली कोण जाणे, बहुधा एकनाडीच्या भीतीनं नवा अंगरखा घातला. रक्तगटात खरी काळजी एकाच जोडीची: बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह. तिथेही अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन दिलं की झालं. रक्तगटावरून बापावर शंका घ्यायचीही घाई नको. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गट सापडला, तोच ‘बाँबे रक्तगट’. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो. बाप एबी असताना मूल ओ निघालं तर साधारणपणे ते बसत नाही, पण मूल बाँबे गटाचं असेल तर बसतं. हाही दोन्हीकडून एकेक प्रत आली तरच होणारा प्रकार, चिंचोक्यांचाच डाव. अशा माणसाला रक्त लागलं तर बाँबे गटाचंच लागतं, ओ चालत नाही.

मुलाकडच्यांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. माझा सल्ला, तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत काही कबूल करू नका आणि काही लपवूही नका. निकालानंतर मुलाला एकट्याला बरोबर घेऊन या, त्याच्या काका-मामांना नको, मी अर्धा तास बसतो. जनुकांच्या तपासणीसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. कोकणकन्येनं रात्री निघालात की सकाळी दादर. भाचा, बहीण आणि तुम्ही, तिघांनी एकाच खेपेत जायचं.

त्याआधी मात्र एकदा आईला घेऊन माझ्याकडे या. तुमची आजी हयात असेल तर तिलाही आणा, जिना चढवत नसेल तर मी खाली गाडीपाशी येईन. आजीच्या माहेरची नावं मला हवी आहेत: तिचे भाऊ, तिच्या बहिणींचे मुलगे, कोण लहानपणी गेलं आणि कशानं. भाच्याचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत, तारखेप्रमाणे. कुलवृत्तांत घरीच राहू द्या.